कन्सोल कंपन्यांनो, आमचे कंट्रोलर आमच्या गावात दुरुस्त होऊ द्या

प्रति,
सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो आणि यांच्या कन्सोलसाठी कंट्रोलर, हेडसेट, चार्जर बनवणाऱ्या लहान-मोठ्या सगळ्या कंपन्या

नमस्कार,

मी नागपूरचा, प्रतापनगरात राहतो, वय ३६. घरात दोन कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीन) आहेत, एक माझा अन् एक भाच्याचा, त्याचाही मुक्काम बहुतेक माझ्याकडेच असतो कारण ताईच्या घरी टीव्हीवर आजीच्या मालिका चालू असतात. हे पत्र मी रागात नाही लिहून राहिलो, म्हणजे राग आहे, खोटं काऊन बोलू, पण त्याहून जास्त जीव आहे तुमच्या वस्तूंवर. पंचवीस-सत्तावीस वर्षं झाली खेळून राहिलोय, पगारातून पैसे बाजूला काढून गेम घेतो, नवीन कन्सोल येणार म्हटलं की रात्री जागून त्याचे व्हिडिओ पाहतो. त्यामुळे तुमचं वाईट व्हावं असं मला कधीच वाटणार नाही. पण एक गोष्ट आता सांगितलीच पाहिजे.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची दुपार, मी अन् भाचा फिफा खेळत होतो (२०२३ पासून त्याचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी झालंय हे माहीत आहे, पण आमच्या घरी फिफाच म्हणतात). एक-एक गोल झालेला, शेवटची पाच मिनिटं, बॉल त्याच्याकडे, आणि त्याचा प्लेअर गोलकडे जायचं सोडून हळूहळू डावीकडे रेषेबाहेर चालत गेला. परत बॉल मिळाला, परत तेच. मी म्हटलं अरे नीट धर ना. त्यानं कंट्रोलर गादीवर ठेवला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "मामा, मी काहीच नाही करून राहिलो!" आणि खरंच, कोणाचा हात नाही, काही नाही, आणि टीव्हीवर तो प्लेअर एकटाच डावीकडे चालून राहिला होता. ११ वर्षांचा पोट्टा, त्याचे डोळे भरून आले, त्याला वाटलं आपल्याच हातून काही बिघडलं अन् आता आई रागावणार. त्यानं कधी तो आपटला नाही की पाडला नाही, खेळून झालं की कपड्यानं पुसून खोक्यात ठेवतो तो, मी रोज पाहतो.

तुम्हाला याचं नाव माहीत आहे. स्टिक ड्रिफ्ट, म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्यानं फिरवायची दांडी, स्टिक, हात न लावता आपोआप सरकल्यासारखी वागते. जगभर जो कोणी कन्सोलवर खेळतो त्याला हा शब्द माहीत आहे.

कंट्रोलर घेऊन १४ महिने झाले होते, वॉरंटी १२ महिन्यांची. सर्व्हिस सेंटरला फोन केला (कोणत्या कंपनीच्या ते लिहीत नाही, कारण हे एकाच कंपनीचं दुखणं नाही), तिकडच्या मुलीनं अगदी नीट, न चिडता सांगितलं की सर, वॉरंटीत असता तर बदलून दिला असता, आता कंट्रोलर रिपेअर होत नाही, तुम्हाला नवीन घ्यावा लागेल. मी म्हटलं फक्त एक स्टिक खराब आहे, बाकी सगळं नव्यासारखं आहे, पैसे देतो ना मी. ती म्हणाली सर, स्टिक वेगळी मिळत नाही. तिचा काही दोष नाही, तिच्या हातात तेवढंच होतं. पण सहा हजाराच्या आसपासची वस्तू एका बोटभर पार्टसाठी कचऱ्यात टाका असं सांगणं हे मला आजही पटत नाही.

मग बर्डीला, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात गेलो. तिथे एका गल्लीत एक दादा बसतात, मोबाइल दुरुस्त करतात, कन्सोलचंही काम करतात. दुकान म्हणजे काय, एक काचेचं टेबल, एक भिंग, सोल्डरिंगची मशीन अन् वर एक छोटा पंखा. त्यांनी कंट्रोलर उघडला, आतली रिबन केबल नखानं अलगद सोडवली, बॅटरी बाजूला केली आणि बोर्ड भिंगाखाली धरला. मला जवळ बोलावलं. स्टिकच्या खोक्याला बाजूनं दोन छोट्या हिरव्या डब्या असतात, त्यातली एक त्यांनी चिमट्यानं उघडली. आत काळी गोल पट्टी, अन् तिच्यावर टेकणारे पितळेचे दोन बारीक पाय. जिथे ते पाय फिरतात तिथे ती काळी पट्टी घासून चकाकत होती, अन् कडेला काजळीसारखी बारीक भुकटी जमली होती. दादा म्हणाले, "हे पाहा नं भाऊ, हे तर जुन्या रेडिओचं व्हॉल्यूमच आहे. घासणार तर झिजणारच."

मी तिथेच थांबलो, कारण मला एकदम आमचा महाल भागातला रेडिओवाला आठवला. लहानपणी बाबांच्या रेडिओचा आवाज वाढवला की खर्र खर्र करायचा, तो बटण उघडून आत स्पिरिटचा बोळा फिरवायचा अन् पुढचे सहा महिने रेडिओ छान चालायचा. अगदी तोच प्रकार. पोटेन्शिओमीटर म्हणतात त्याला. कार्बनच्या पट्टीवर धातूचा पाय घासतो, किती घासला त्यावरून मशीनला कळतं की स्टिक कुठे आहे. पट्टी झिजली की मशीनला चुकीचा आकडा जातो, अन् हात न लावता प्लेअर चालायला लागतो. म्हणजे तुमच्या गेममध्ये पाण्यावरचं ऊन खरं वाटतं, घामाचा थेंब दिसतो, आणि हे सगळं ज्याच्या जोरावर खेळायचं ती स्टिक रेडिओच्या बटणावर चालू आहे.

दादांनी पूर्ण स्टिक बदलली. तिचे १४ टाके असतात, एकेक टाका गरम करून कथील ओढून घ्यायचं, मग जुनी स्टिक न ओढता अलगद बाहेर काढायची, नाहीतर बोर्डाची तांब्याची रेघच उखडते. सव्वा तास लागला. कपाळावर घाम, मध्ये दोन गिऱ्हाईकं परत गेली, तरी त्यांनी हात घाई करू दिला नाही. त्या कामाचे त्यांनी जे पैसे घेतले ते मला कमीच वाटले. पण जी नवीन स्टिक त्यांनी टाकली ती कुठून येते, कोणत्या कारखान्याची, किती दिवस चालेल, हे त्यांनाही सांगता येत नाही. दिल्लीहून माल येतो, दहात दोन खराब निघतात, म्हणाले. तुम्ही ओरिजिनल पार्ट दिला असता तर त्या माणसाची मेहनत वाया जायची भीती राहिली नसती.

आता कोणी म्हणेल की बाबा, हे तंत्रच असं आहे, उपाय नाही. उपाय आहे आणि तो जुना आहे. सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट कन्सोल १९९८ मध्ये जपानात आला, त्याच्या कंट्रोलरच्या स्टिकमध्ये चुंबक होतं अन् हॉल सेन्सर होता. चुंबक हललं की सेन्सरला कळतं, एकमेकांना शिवायचं कामच नाही, मग झिजणार काय? बरं, ते जुनं झालं म्हणा, आजचं पाहा. गुलीकिट, एटबिटडू, गेमसर या तुमच्यापेक्षा कितीतरी लहान कंपन्या आहेत, त्या हॉल इफेक्टच्या, म्हणजे याच चुंबकाच्या स्टिक टाकून कंट्रोलर विकून राहिल्या. गेमसरचा जी७ एसई तर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या अधिकृत परवान्यासह मिळतो, वायरवाला आहे पण चुंबकाच्या स्टिकचा आहे, आणि महागही नाही. म्हणजे खर्चाचं कारण मला तरी पटत नाही.

आणि तुम्हाला दुखणं माहीत नाही असंही नाही. २०२० मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी त्यांच्या स्विच कन्सोलच्या कंट्रोलरच्या, म्हणजे जॉय-कॉनच्या त्रासाबद्दल ग्राहकांची माफी मागितली. युरोपात ग्राहक संघटनांनी तक्रारी लावून धरल्या तेव्हा २०२३ मध्ये निन्टेन्डोनं तिथल्या लोकांना वॉरंटी संपल्यावरही ड्रिफ्टची दुरुस्ती फुकट करून द्यायचं कबूल केलं. चांगलं केलं, मनापासून चांगलं म्हणतो. पण भारतात निन्टेन्डोचं अधिकृत दुकानच नाही, इथले लोक बाहेरून आणलेला स्विच घेतात, त्यांच्या अंगठ्याखालीही तीच स्टिक आहे ना? आणि जून २०२५ मध्ये स्विच २ आला त्यातही हॉल इफेक्ट नाही. सोनीनं जानेवारी २०२३ मध्ये ड्युअलसेन्स एज नावाचा कंट्रोलर काढला, त्याची स्टिक सोल्डरिंगशिवाय हातानं काढून बदलता येते. ही कल्पना मला एवढी आवडली की मी त्याचे फोटो दादांना दाखवले. पण ती दिली कुठे, तर साध्या कंट्रोलरच्या जवळपास तिप्पट किमतीच्या कंट्रोलरमध्ये, आणि आत परत तीच घासणारी पट्टी. जी सोय सगळ्यात आधी ११ वर्षांच्या पोट्ट्याच्या कंट्रोलरला पाहिजे ती सगळ्यात महागड्यात ठेवली. असं करू नका हो.

आता बॅटरीचं बोलतो, कारण ते खास आमच्या गावाचं आहे.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. माझी खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर सिमेंटचा स्लॅब. दुपारी तीन वाजता भिंतीवरचा थर्मामीटर कूलर चालू असतानाही ३६-३७ दाखवतो, कूलरचं पाणी संपलं की चाळीस. माझ्या कन्सोलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय की ५ ते ३५ डिग्रीत वापरा. मग आम्ही काय करायचं? उन्हाळ्याच्या सुट्ट्या तर पोट्ट्यांच्या तेव्हाच असतात. मी कन्सोल भिंतीपासून एक हात पुढे ओढतो, खाली चार लाकडी ठोकळे लावतो, कूलरची हवा थेट त्यावर येणार नाही असं पाहतो कारण त्या हवेत ओल असते, अन् दुपारी एक ते पाच खेळ बंद. भाचाही शहाण्यासारखा ऐकतो, तेवढ्या वेळात आम्ही पत्ते खेळतो. एवढं सांभाळतो आम्ही तुमच्या मशीनला.

पण कंट्रोलरच्या बॅटरीला कसं सांभाळणार? लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, त्यात ती पूर्ण चार्ज करून गरम खोलीत ठेवली तर अजूनच लवकर. दोन उन्हाळे गेले की माझा कंट्रोलर आधीच्या निम्मा वेळही टिकत नाही, तिसऱ्या उन्हाळ्यात तर वायर लावूनच खेळावं लागतं. अन् ती बॅटरी बदलायची तर अख्खा कंट्रोलर उघडा. इथे मला एक्सबॉक्सचं भल्लं कौतुक वाटतं. त्यांच्या साध्या कंट्रोलरमध्ये आजही दोन पेन्सिल सेल पडतात, रिचार्ज होणारे चार सेल घेऊन ठेवले की दोन वापरात, दोन चार्जरमध्ये, खराब झाले तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरे आणा. पुष्कळ लोक म्हणतात की हे जुनाट आहे. मला नाही वाटत. नागपूरच्या उन्हाळ्यात याहून शहाणी बॅटरी मी पाहिली नाही. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून असा नियम लागू होणार आहे की वस्तूतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. म्हणजे तिकडच्यासाठी तुम्हाला डिझाइन बदलावंच लागेल. तेच डिझाइन इकडे पाठवा, एवढंच मागणं आहे, आम्हाला जुना साचा नका देऊ.

चांगलं केलंत तेही सांगतो. सोनीच्या पीएस५ कन्सोलचे बाजूचे पॅनल स्क्रूशिवाय हातानं निघतात अन् आत धूळ साचायला वेगळी जागा दिलीय, व्हॅक्यूमनं ओढून घ्या, झालं. आमच्याकडे वर्षभर कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो, त्या धुळीत ही सोय म्हणजे उपकार आहेत. स्टोरेजसाठीही त्यात बाजारात मिळणारी साधी एम.२ एसएसडी बसते, कंपनीचंच महागडं कार्ड घ्या अशी सक्ती नाही. एक्सबॉक्स वनचा जुना कंट्रोलर नव्या एक्सबॉक्स सीरिज एक्स अन् एस वरही चालतो, माझ्या मित्राकडे असे दोन आहेत, अजून ठणठणीत. याच्या उलट पीएस४ चा कंट्रोलर ड्युअलशॉक ४ पीएस५ च्या गेमला चालत नाही, घरात चांगला कंट्रोलर पडून असताना दुसरा घ्या. हेडसेटवाल्यांना फक्त एक सांगतो, कानाची ती चामड्यासारखी गादी आमच्या घामात पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे सोडते, केसांत काळे तुकडे अडकतात. कापडाची द्या, आणि काढून धुता येईल अशी द्या.

अजून एक, डिस्कचं. हे थोडं वेगळं आहे पण मला ते वेगळं वाटत नाही. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा सोनीच्या मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपये होती. आमच्यासारख्या घरात एवढ्या किमतीत वर्षाला दोन गेम झाले तरी खूप. पण आम्ही चार मित्र आहोत, धरमपेठचा एक, मनीषनगरचा एक, सदरचा एक अन् मी, चौघं मिळून चार वेगळे गेम घेतो अन् वर्षभर फिरवतो. खेळून झाला की दुकानात देऊन त्यात थोडे पैसे घालून दुसरा. माझ्याकडे आजवर आलेल्या गेमपैकी निम्म्याहून जास्त असेच हातोहात आलेत. एका डिस्कच्या कव्हरच्या आत कोणीतरी पेन्सिलनं सगळ्या लपलेल्या वस्तूंची यादी करून ठेवली होती, नकाशासकट. कोण होता कोणास ठाऊक, पण त्याच्यामुळे मी तो गेम शंभर टक्के पूर्ण केला अन् पुढच्यासाठी राहिलेल्या दोन जागा मी खाली लिहून ठेवल्या. डाउनलोडमध्ये हे कसं होणार? स्लिम पीएस५ ला डिस्कची ड्राइव्ह वेगळी काढता-लावता येते, म्हणजे ड्राइव्ह बिघडली तर पूर्ण कन्सोल टाकायची गरज नाही, हे बरोबर केलंत. पण स्विच २ चे काही गेम असे आहेत की कार्डावर गेमच नाही, फक्त डाउनलोड करायची चावी आहे. उद्या सर्व्हर बंद केला तर ते कार्ड कशाला वापरायचं? आमच्याकडची १९९० च्या दशकातली टीव्ही गेमची मोठी पिवळी कॅसेट अजून माळ्यावर आहे, लावली की काँट्रा सुरू होतो, कोणाला विचारावं लागत नाही. त्या मशीनचा जॉयस्टिक बिघडला की बाबा त्याच रेडिओवाल्याकडे न्यायचे, तो आतलं काळं रबर बदलून द्यायचा, मी तिथेच उभा राहून पाहायचो अन् संध्याकाळी परत खेळायला बसायचो.

तेच मागून राहिलोय. बिघडलं तर गावात दुरुस्त व्हावं अन् संध्याकाळी परत खेळायला बसता यावं. मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये अमेरिकेत कंट्रोलरचे सुटे पार्ट विकायला काढले, कोणता स्क्रू कुठला तेही लिहून दिलं. मग तेच पार्ट बर्डीच्या दुकानात का मिळू नयेत? आपल्या केंद्र सरकारनंही डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंय, कंपन्यांनी पार्ट, किमती, मॅन्युअल लोकांसमोर मांडावेत म्हणून. तिथे कंट्रोलरच्या स्टिकची, बॅटरीची किंमत टाका. बर्डीच्या दादांसारखे लोक प्रत्येक गावात आहेत, अमरावतीत आहेत, चंद्रपुरात आहेत, त्यांना सर्व्हिस सेंटरची पाटी नको आहे, ओरिजिनल पार्ट अन् एक नकाशा द्या, बाकीचं त्यांचे हात करतात. वॉरंटी निदान दोन वर्षांची करा, आणि ड्रिफ्टची दुरुस्ती युरोपात वॉरंटीनंतर फुकट होऊ शकते तर इथेही होऊ शकते. अन् स्टिक हॉल इफेक्टच्या टाका, सगळ्या कंट्रोलरमध्ये, सगळ्यात स्वस्तातही.

हे सगळं लगेच होणार नाही हे मला कळतं, कारखान्यातले साचे बदलायला वेळ लागतो. पण एक गोष्ट उद्यापासून करता येईल. खोक्यावर लिहा की आतली स्टिक कोणत्या प्रकारची आहे अन् बॅटरी बदलता येते की नाही. सध्या खोक्यावर रंग लिहिलेला असतो, त्या रंगाला मोठमोठी नावं दिलेली असतात, अन् जी वस्तू झिजणार तिच्याबद्दल एक ओळही नसते.

भाच्याचा वाढदिवस एप्रिलमध्ये आहे. त्याला दुसरा कंट्रोलर घेऊन द्यायचा आहे, निळा पाहिजे म्हणतो. पैसे बाजूला काढून ठेवलेत. मार्चच्या शेवटी दुकानात जाऊन प्रत्येक खोकं उलटं करून वाचणार आहे, ज्याच्यावर हे लिहिलेलं असेल तो घेईन, मग निळा नसला तरी मी त्याला समजावतो.

तुमचा,
नागपूरचा एक खेळणारा